बुडालेल्या दरीवर वल्हवताना

धरणामागचा जलाशय नैसर्गिक तळ्यासारखा दिसत असला, तरी मुळात ती पाण्याखाली गेलेली दरी असते. तिच्या तळाशी जुन्या नदीचे पात्र असते, त्याला येऊन मिळणारे ओढे असतात, आणि काठावर दाट झाडी असेल तर त्याच जंगलाचा काही भाग पाण्यातही उभा असतो. त्यामुळे कायाक, म्हणजे दोन्ही टोकांना पाती असलेल्या वल्ह्याने चालवायची अरुंद नाव, पाण्यात लोटण्यापूर्वी काठाचा उतार नीट पाहून घ्यावा. डोंगराची कडा सरळ पाण्यात उतरत असेल, तर तिच्या पायथ्याशी बहुधा खोल पाणी असते. उलट, टेकडीची सोंड हळूहळू पाण्यात शिरत असेल, तर ती पाण्याखालीही तशीच बरीच पुढे गेलेली असते आणि तिच्यावरून जाताना नावेचा तळ घासण्याची शक्यता असते.

सर्वांत जास्त जपायचे ते बुडालेल्या खोडांपासून. सतत पाण्याखाली राहिलेल्या लाकडाला प्राणवायू फारसा मिळत नाही, म्हणून ते कुजायला फार काळ लागतो; १८९५ साली पूर्ण झालेल्या धरणामुळे बनलेल्या केरळमधील पेरियार जलाशयात त्या वेळी बुडालेल्या झाडांचे बुंधे अजूनही पाण्याबाहेर डोकावतात. कुजण्याचा वेग जास्त असतो तो पाण्याची पातळी जिथे खालीवर होते त्या पट्ट्यात. तिथला भाग झिजून तुटतो आणि उरलेले टोक पाण्याच्या पृष्ठभागाखाली वीतभर लपून राहते. जलाशयाची पातळी थोडी वाढली किंवा घटली, की आदल्या आठवड्यात मोकळी वाटलेली वाट बदललेली असते, त्यामुळे मागच्या खेपेच्या आठवणीवर विसंबू नये. खोडांच्या पट्ट्यात सावकाश वल्हवावे, सूर्य पाठीशी ठेवावा आणि शक्य असल्यास चकाकी कापणारा पोलराइज्ड चष्मा लावावा. अशा पाण्यात हवा भरून फुगवलेली नाव नेणे मला शहाणपणाचे वाटत नाही. जाड प्लास्टिकची कायाक ओरखडे सोसून घेते.

नाव खोडावर चढून अडकलीच, तर बहुतेक जण घाबरून एका बाजूला वाकून खाली पाहतात, आणि नाव उलटते ती नेमकी त्याच क्षणी. मी स्वतः एकदा याच चुकीमुळे कमरेपर्यंत चिखलात उभा राहिलो होतो. अशा वेळी ताठ बसून राहावे, वल्ह्याचे पाते पाण्यावर आडवे टेकवून तोल सांभाळावा, मग अंग किंचित मागे सरकवून ज्या वाटेने आलो त्याच वाटेने उलटे वल्हवत बाहेर पडावे.

वल्हवण्याचे तंत्र अवघड नाही, पण ते दंडांचे काम नाही. पाते पावलांच्या जवळ पूर्ण बुडवावे, कमरेपासून धड वळवत मागे ओढावे आणि ते नितंबापाशी येताच पाण्याबाहेर काढावे. नाव वळवायची असेल, तर पाते नावेपासून दूर, मोठ्या अर्धवर्तुळात फिरवावे. नवख्या माणसाने निवांत चाल ताशी ३ ते ४ किलोमीटर धरून बेत आखावा. लाइफ जॅकेट अंगावर आणि बंद लावलेलेच हवे. नावेत ठेवलेले जॅकेट नाव उलटल्यावर घालता येत नाही. नाव सोडून पोहत काठ गाठण्याचा मोह टाळून तिला धरून राहावे, आणि पुन्हा चढण्याचा सराव आधीच काठालगतच्या उथळ पाण्यात करून ठेवावा.

वाऱ्याचा हिशेब निघण्यापूर्वीच करावा. मोकळ्या पाण्यावर वारा जितक्या लांबवरून येतो तितक्या लाटा वाढत जातात, म्हणून लांबट जलाशयात सकाळी आरशासारखे दिसणारे पाणी दुपारी चांगलेच उसळू शकते. जाताना वाऱ्याच्या समोर आणि येताना वाऱ्याबरोबर, असा बेत ठेवल्यास थकलेल्या हातांना परतीची मदत होते. मेघगर्जना ऐकू येताच काठ गाठावा, एकाकी उंच झाडाखाली थांबू नये आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे पाण्यात उतरू नये.

खरी मौज ओढ्यांच्या मुखांतून आत शिरण्यात आहे, पण झाडीने वेढलेली ही सगळी तोंडे परतताना सारखीच दिसतात. प्रत्येक वळणावर मागे वळून पाहण्याची सवय लावावी, कारण परतीच्या वाटेवर दिसणार आहे ते तेच दृश्य. एखादे वठलेले झाड किंवा उघडा पडलेला तांबडा काठ खूण म्हणून लक्षात ठेवावा. वठलेल्या झाडांवर पाणकावळ्यांची घरटी असतात. पक्षी मान ताणून पाहू लागले किंवा उठून उडण्याच्या तयारीत दिसले, की आपण फार जवळ आलो असे समजून मागे फिरावे. पाण्यावर झुकलेल्या फांद्यांखालून जाणेही टाळावे, त्यांवर साप किंवा मधमाश्यांचे पोळे असू शकते. वरच्या अंगाला पाऊस होऊन ओढ्याचे पाणी गढूळ झाले, तर लगेच बाहेर पडावे. धरणाची भिंत, सांडवा आणि पाणी खेचून घेणारी तोंडे यांच्या वाटेला मुळीच जाऊ नये. तिथे तरंगणाऱ्या खुणांची ओळ ओलांडू नये.

काठावर उतरताना ओला, गुळगुळीत गाळ आधी वल्ह्याने टोचून पाहावा आणि शक्यतो दगडगोट्यांच्या जागीच नाव लावावी. पातळी वाढू शकते, म्हणून ती वर ओढून बांधून ठेवावी. घरी नेण्यापूर्वी तळाला आणि दोरीला चिकटलेल्या पाणवनस्पती काढाव्यात, आतले पाणी ओतून टाकावे आणि नाव कोरडी होऊ द्यावी. जलपर्णीचा लहानसा तुकडाही दुसऱ्या जलाशयात जाऊन तिथे पसरू शकतो.