पोटाच्या तपासणीसाठी क्लिनिक निवडताय? या चुका टाळा

12 वर्षं मी पुण्यात एंडोस्कोपी विभागात, म्हणजे दुर्बिणीने पोट आतून तपासतात तिथे, नर्स आहे. पेशंट बदलतात, चुका त्याच. त्यातली एक तर माझ्या घरातच घडली.

शौचाला रक्त पडलं की मूळव्याध, हे आपल्याकडे सगळ्यांनी ठरवूनच टाकलंय. मग पाय वळतात ते ‘मूळव्याध, भगंदर, फिशर – विना ऑपरेशन’ अशा पाटीकडे. माझ्या मामाचं तेच झालं. वय 56. तालुक्याच्या स्टँडजवळचा दवाखाना, सात महिने मलम, पुड्या, इंजेक्शनं. दिवाळीत आला तेव्हा मी त्याचे हात बघितले. नखं कागदासारखी पांढरी. हिमोग्लोबिन 7 निघालं, म्हणजे खूपच कमी. आमच्या डॉक्टरांनी कोलोनोस्कोपीआधी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) गुदद्वारातून बोटाने तपासलं आणि गाठ तिथेच लागली. सात महिन्यांत बोट घालून तपासायचं कुणाला सुचलं नव्हतं! मामाला मूळव्याधही होती, आणि घोळ झाला तो त्यामुळेच. मूळव्याध आहे म्हणून कॅन्सर नाही, असं होत नाही. आत न बघता जो रक्तावर औषध देतो, त्याच्याकडे मी माझ्या माणसाला पाठवत नाही.

गॅस्ट्रोचा, म्हणजे पोट-आतड्याचा, डॉक्टर म्हणजे एमडी मेडिसिननंतर गॅस्ट्रोमध्ये डीएम किंवा डीएनबी ही पुढची पदवी केलेला. नाव महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीत बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

दुसरी चूक, पोट साफ न करता येणं. ही बघून मला खरंच त्रास होतो. कोलोनोस्कोपीआधी पोट साफ करायला दिलेल्या पावडरचं पाणी अर्धं पितात, ‘मळमळलं’ म्हणून बाकीचं बेसिनमध्ये ओततात, आणि सकाळी ‘झालं साफ’ म्हणून टेबलावर झोपतात. आतड्याच्या भिंतीला मळ चिकटलेला असला की बारीक पॉलिप (आतड्यातला मांसल कोंब) त्याखाली दडतो. तपासणी पुन्हा, भूल पुन्हा, खर्च पुन्हा. अर्धी पावडर रात्री आणि अर्धी पहाटे घेतली तर साफ चांगलं होतं. मी पेशंटला सांगते, पाणी गार करून प्या, घोट-घोट प्या, मध्ये चाला. शेवटी शौचाला लघवीसारखं पिवळसर, तळ दिसेल असं पाणी यायला हवं. हे सगळं समजावायला ज्या क्लिनिकमध्ये कुणी पाच मिनिटं बसत नाही, तिथे स्वस्त पॅकेज घेऊ नका. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आणि शुगरच्या गोळ्या यांच्याबद्दलही त्यांनी आपणहून विचारायला हवं. गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका.

रिपोर्ट हातात आला की मी आधी दोन गोष्टी बघते: दुर्बीण सीकमपर्यंत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीपर्यंत, पोचल्याचा फोटो आहे का, आणि आतडं किती साफ होतं ते लिहिलंय का. काहीच आढळलं नाही तरी दुर्बीण बाहेर काढताना निदान 6 मिनिटं निरखून बघायला हवं. पॉलिप सापडला तर तिथल्या तिथे काढता का, हे आधीच विचारा. आणि बायोप्सीचा, म्हणजे काढलेल्या तुकड्याच्या तपासणीचा, रिपोर्ट घ्यायला विसरू नका, लोक खरंच विसरतात.

सोनोग्राफी नॉर्मल म्हणून आतडं नॉर्मल समजू नका. सीईए ही रक्ततपासणी स्क्रीनिंगसाठी, म्हणजे त्रास नसताना कॅन्सर शोधण्यासाठी, नाही, पॅकेजमध्ये ती दिसली म्हणून भुलू नका. एच पायलोरी या जठरातल्या जंतूची श्वासाची तपासणी असेल तर ॲसिडिटीच्या पॅन्टोप्राझोलसारख्या गोळ्या डॉक्टरांना विचारून दोन आठवडे आधी थांबवाव्या लागतात, नाहीतर जंतू असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो.

‘मला काही होत नाही, मग कशाला?’ असं मामाचा मुलगाही म्हणाला होता. वडिलांना साठीच्या आत आतड्याचा कॅन्सर झाला असेल, तर मुलांनी 40व्या वर्षी, किंवा वडिलांच्या निदानाच्या वयाच्या 10 वर्षं आधी, यातलं जे लवकर येईल तेव्हा कोलोनोस्कोपी करायची असते. तो 41चा. मी त्याच्या मागेच लागले. गेल्या महिन्यात त्याचा एक पॉलिप काढला, साधाच निघाला.