'कनेक्शन प्रायव्हेट नाही' आलं की आधी सर्टिफिकेट कोणी दिलंय ते बघा

ब्राउझरमध्ये तो लाल त्रिकोण आला की आपल्याकडं लोक एक तर ॲडव्हान्स्ड दाबून बिनधास्त पुढं जातात, नाहीतर पीसी उचलून फॉरमॅट मारायला दुकानात आणतात. केळीच्या विम्याची शेवटची तारीख आली की असे दोनचार जण हमखास येतात. अरे भो, त्याच पानावर बारीक अक्षरात एरर कोड लिहिलेला असतो, तो तर वाच आधी.

कोडमध्ये 'डेट इनव्हॅलिड' असेल तर घड्याळ बघा. पीसी बंद करून चालू केला की तारीख परत मागं जात असेल तर मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपलाय, बदला. तारीख बरोबर असूनही हेच येत असेल तर साईटवाल्यानंच सर्टिफिकेट, म्हणजे साईटचं ओळखपत्र, रिन्यू केलेलं नाही, तुम्ही काही करू शकत नाही.

स्टेशनच्या फुकट वाय-फायवर येत असेल तर आधी त्यांचं ओटीपीचं लॉगिन पूर्ण करा, बँक मात्र तिथं उघडूच नका.

खरी डोकेदुखी 'अथॉरिटी इनव्हॅलिड'ची, फायरफॉक्सवाल्यांना 'अननोन इश्यूअर' दिसतं. ब्राउझरकडं भरवशाच्या संस्थांची यादी असते आणि सर्टिफिकेटवर त्यातल्या कोणाचीच सही सापडली नाही की तो अडवतो, सातबाऱ्यावर तलाठ्याऐवजी शेजारच्यानं सही ठोकली तर जसं. म्हणून सही कोणाची ते बघायचं. ॲड्रेसच्या डावीकडं 'नॉट सिक्युअर' वर क्लिक करून सर्टिफिकेट उघडा आणि 'इश्यूड बाय' खाली काय लिहिलंय ते वाचा. इथं मी पण लई डोकं खपवलंय, कारण यूट्यूबवर कोणीच हे दाखवत नाही, सगळे आपले कॅशे क्लिअर करा, हिस्टरी उडवा. त्यानं काडीचा फरक पडत नाही.

तिथं अँटीव्हायरसचं नाव दिसलं तर गुन्हेगार घरातलाच. तो एचटीटीपीएस स्कॅनिंगच्या नावाखाली मधे बसून प्रत्येक साईटला स्वतःचं सर्टिफिकेट चिकटवतो, आणि अपडेट अर्धवट झालं की सगळ्याच साईटवर बोंब. अँटीव्हायरसच्या सेटिंगमध्ये ते स्कॅनिंग बंद करा. ऑफिसात फायरवॉलचं (ऑफिसचं इंटरनेट तपासणाऱ्या यंत्रणेचं) नाव दिसलं तर ऑफिसच्या आयटीवाल्याला गाठा. आणि भलतंच, कधी न ऐकलेलं नाव दिसलं तर त्या पीसीवर पासवर्ड टाकायचा नाही, आधी व्हायरस स्कॅन.

नाव लेट्स एन्क्रिप्ट किंवा डिजिसर्टसारख्या, सर्टिफिकेट देणाऱ्या नावाजलेल्या संस्थेचं असेल तर बहुतेक तुमची यादीच जुनी आहे. लेट्स एन्क्रिप्ट ज्या जुन्या रूटच्या (यादीतल्या मूळ सर्टिफिकेटच्या) आधारावर चालायचं ते ३० सप्टेंबर २०२१ ला संपलं, त्यामुळं अपडेट न केलेल्या विंडोज ७ वर चांगल्या साईटसुद्धा अडकायला लागल्या. विंडोज आणि ब्राउझर दोन्ही अपडेट करा. ७ वर क्रोम १०९ च्या पुढं जातच नाही, तेव्हा त्या मशीनचा मोह सोडा. फायरफॉक्स स्वतःची यादी सोबत ठेवतं, तिथं एकदा उघडून बघा, उघडलं तर घोळ बहुतेक विंडोजच्या नाहीतर क्रोमच्या यादीत.

तरीही कळत नसेल तर पीसी मोबाईलच्या हॉटस्पॉटला जोडा. वॉर्निंग गेली तर घोळ वाय-फायमध्ये, नाही गेली तर त्याच मोबाईलवर साईट उघडा, तिथं नीट उघडली तर घोळ पीसीत. दोन्हीकडं रडत असेल तर चूक साईटची, थांबा.

कोणी 'हे रूट सर्टिफिकेट डाऊनलोड करून टाका, बंद होईल' म्हणालं तर सरळ नाही म्हणा. वॉर्निंग बंद होते हे खरंय, पण ते रूट ज्याच्या हातात तो तुमच्या बँकेचं खोटं पान बनवेल आणि ब्राउझर चकार शब्द काढणार नाही.

ॲडव्हान्स्ड दाबून पुढं जायला माझी हरकत नाही अशा दोनच जागा. एक घरच्या राउटरचं सेटिंगचं पान, १९२.१६८ वालं. दुसरी जीएसटीला डिजिटल सही करताना एमसाइनर या सहीच्या सॉफ्टवेअरचं १२७.०.०.१ वालं पान, १५८५ पोर्टचं. १२७.०.०.१ म्हणजे तुमचाच पीसी, त्याला बाहेरची संस्था सर्टिफिकेट देत नाही, म्हणून ते स्वतःच सही केलेलं असतं. ते एकदा स्वीकारून जीएसटीचं पान रिफ्रेश करा, सही होते.