भाल्याच्या मासेमारीसाठी फ्लोट की बोर्ड?

पाण्याखाली भाल्याने मासे मारताना दोरीने मागे ओढायचं, झेंडा लावलेलं तरंगतं साधन म्हणजे फ्लोट; बोर्ड म्हणजे तेच, पण सपाट फळीसारखं आणि सामान ठेवता येणारं. इटलीच्या किनाऱ्यावर लाल कापडावर पांढरा तिरका पट्टा असलेला झेंडा हवाच, आणि पाणबुड्याने त्याच्या 50 मीटरच्या आतच वर यायचं असतं. म्हणून आधी झेंडा बघा. काठी आखूड असेल तर लाटेआड तो बोटवाल्याला दिसत नाही. फ्लोटखाली वजन नसेल तर वाऱ्याने आडवा होतो. अर्धा-एक किलो शिसं लटकवा.

किनाऱ्यावरून पोहत जाणार असाल तर टॉर्पेडोसारखा निमुळता फ्लोट घ्या, ओढायला हलका. बोर्डवर पाणी, जादा भाला, मासे राहतात, पण वारा त्याला ढकलतो आणि तो तुम्हाला ओढतो.

हवेच्या फ्लोटला भाल्याचं टोक किंवा माशाचा काटा लागला की संपलं. आत वेगळा ब्लॅडर (हवेची पिशवी) आणि बाहेर जाड नायलॉनचं कव्हर असलेलाच घ्या. उन्हात हवा फुगते, शिवण उसवते. बोटीवर ठेवताना थोडी सोडा. व्हॉल्व्हमधली वाळू गोड्या पाण्याने धुवा, गळती बहुधा तिथूनच.

फ्लोटला जोडणारी दोरी तरंगणारी, खोलीच्या दीडपट: 15 मीटरला 22-23. मनगटाला कधीच बांधू नका. खडकात अडकली तर एका झटक्यात सुटायला हवी.