घाणा, ओंडके आणि महालय: व्यापारी पूर्वजाचा माग कसा काढावा

आमच्या गोव्यातल्या डिचोलीच्या घरात खापरपणजोबांविषयी दोनच गोष्टी माहीत होत्या. खोबरेल काढायचा त्यांचा घाणा होता, आणि सत्तरी तालुक्याच्या रानातलं लाकूड आणून ते विकत. फोटो नाही, पत्र नाही, घाण्याचं एक लाकूडसुद्धा उरलेलं नाही. निवृत्तीनंतर मी त्यांच्या मागे लागले. तुमच्याही घरात असा कोणी तेल-लाकडाचा, मिठाचा, सुपारीचा व्यापारी असेल, तर मी गेले ती वाट सांगते. चुकले तीही सांगते.

सुरुवातीलाच जुने कागद शोधायला पणजी शहरात धावू नका. आधी घरातल्या वडीलधाऱ्यांपाशी बसा. पण ‘आपला मूळ पुरुष कोण?’ असं विचारलंत की पुराणच ऐकायला मिळेल. त्यापेक्षा विचारा, कुणाकडे मयत झालं की आपण दहा दिवस सुतक धरतो, आणि कुणाकडे तीनच? दहा दिवसांचं घर सात पिढ्यांच्या आतलं, तीन दिवसांचं त्यापलीकडचं. आमच्या आतेला चुलतचुलत्यांची नावं आठवत नव्हती, पण सुतकं मात्र तोंडपाठ. तिच्या सांगण्यावरून मी एका दुपारी पाच घरांचा तक्ता मांडला.

मग श्राद्ध. तर्पणात बाप, आजा, पणजा अशा तीन पिढ्या येतात. म्हणून घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या पुरुषाला विचारा, कारण त्याचा पणजा म्हणजे तुमचा खापरपणजा. माझे वडील अठ्ठ्याऐंशीचे. त्यांच्याकडून नाव मिळालं आणि तिथी मिळाली, मार्गशीर्ष वद्य नवमी. साल मात्र तिथीत नसतं.

कुलदेवाच्या देवळात महाजनांची, म्हणजे देवळाच्या कारभारात वंशपरंपरेने हक्क असलेल्यांची, यादी असते, तीही बघा. पोर्तुगीज सरकारने १८८६ साली देवस्थानांसाठी माझानींचे, म्हणजे महाजनांच्या संस्थांचे, नियम केले, त्यामुळे महाजनकीचे कागद बरे सापडतात. तुमचं घराणं महाजन नसून कुळावी, म्हणजे कारभारात हक्क नसलेलं भक्त घराणं, असेल तर यादीत नाव मिळणार नाही. त्याचं वाईट वाटून घेऊ नका, पुढे चला.

खरा ऐवज आहे इन्व्हेंतारियोत, म्हणजे मयताच्या मालमत्तेच्या यादीत. पोर्तुगालचा १८६७चा दिवाणी कायदा गोव्यात १८७०पासून लागू झाला. घरचा कर्ता गेला आणि मागे अज्ञान मुलं असली, की कोर्टाकडून सगळ्या मालमत्तेची यादी होई, पोरांचा वाटा कुणी खाऊ नये म्हणून. व्यापाऱ्याच्या बाबतीत ही यादी म्हणजे दुकानाचं दार उघडून आत बघणं. आमच्या खापरपणजोबांच्या यादीत घाण्याचा अर्धा वाटा निघाला. म्हणजे ‘आमचा घाणा’ ही घरची बढाई अर्धीच खरी! बैल एकच. डिचोलीच्या धक्क्यावर पडून असलेले किंदळाचे ओंडके, थोडं सागवान, पडावातला, म्हणजे मालवाहू होडीतला, हिस्सा. खाली येणी-देणी: एका देवळाकडे नंदादीपाच्या तेलाची उधारी, एका मेस्ताकडे, म्हणजे सुताराकडे, फळ्यांचे पैसे. देणी येण्यांपेक्षा जास्त.

हे कागद मिळवायचे कसे? जुने दस्त पणजीच्या पुराभिलेखागारात मिळतात. त्याचं मूळ १५९५ सालचं, पोर्तुगीज इतिहासकार दियोगु दु कोउतु हा पहिला रखवालदार. काही कागद अजून कोर्टांकडे आणि नोटरींच्या जुन्या वह्यांत आहेत. आधी पणजीतल्याच कृष्णदास शामा ग्रंथालयात जाऊन ‘बोलेतीं’ चाळा. हे सरकारी पत्रक १८३७पासून निघालं. मयताच्या वारसांना आणि सावकारांना बोलावणाऱ्या कोर्टाच्या नोटिशी त्यात छापून येत. नोटीस सापडली की कोर्ट कळतं आणि वर्षही कळतं. मला ती तिसऱ्या महिन्यात सापडली, डोळ्यांची वाट लागल्यावर.

अनुक्रमणिकेत आडनाव शोधू नका. पोर्तुगीज याद्या बहुधा पहिल्या नावाने लावलेल्या असतात. आडनावाचंही रूप बदलतं. शेणवी झाला ‘सिनाय’, प्रभू झाला ‘पोरोबो’. आणि नातवाला आज्याचं नाव ठेवायची आपली रीत! मी चार महिने एका माणसाच्या कागदांवर घासले. तो निघाला आमच्या खापरपणजोबांचा नातू, नाव तेच, गाव तेच. त्यानंतर बापाचं नाव जुळल्याशिवाय मी एकही कागद आपला मानला नाही.

पोर्तुगीज येत नसेल तर थोडे शब्द पाठ करा. ‘नेगोसियांती’ म्हणजे व्यापारी, ‘मादेइरा’ म्हणजे लाकूड, ‘फिल्यु’ म्हणजे मुलगा, ‘व्युव्हा’ म्हणजे विधवा. एवढ्यावर कामाचं पान ओळखता येतं. बाकी जाणकाराकडून वाचून घ्या.

घरात वह्या असतील तर त्या बहुधा मोडीत असणार. रोजकीर्द (रोजचा जमाखर्च) आणि खतावणी (खातेवार हिशेब) वेगळ्या ठेवा. वर्ष शकाचं असतं. त्यात ७८ मिळवा, पण जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंतच्या तारखेला ७९. शके १८०७चा माघ म्हणजे १८८६. पैशांचंही भान ठेवा. आधी गोव्याचं चलन अश्रफी: पाच टांग, म्हणजे तीनशे रैस. १८८०च्या दशकात सोळा टांगांचा रुपया आला. मी दोन्ही एकाच बेरजेत घातले आणि खापरपणजोबांना दोन दिवस श्रीमंत करून ठेवलं.

इन्व्हेंतारियोत मरणाची तारीखही होती. पंचांगाशी ताडली तर एका दिवसाचा फरक आला. ते रात्री गेले होते. कोर्टाचा दिवस मध्यरात्री बदलतो, आपला सूर्योदयाला. तिथी बरोबर होती.

शेवटच्या पानाकडे मी आधी लक्षच दिलं नव्हतं. मालमत्ता शपथेवर सांगणारी विधवा, म्हणजे आमची खापरपणजी. तिला सही येत नव्हती, दुसऱ्याने तिच्यासाठी केली. पण वर तिचं नाव स्वच्छ लिहिलेलं. घरात ते कुणालाच माहीत नव्हतं. वडील महालयाला तिच्या जागी नुसतं नातं सांगून पुढे जात.

ते नाव मी त्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, ‘‘मोठ्या अक्षरात लिहून दी गो बाय, चष्म्यातून दिसेल असं.’’