म्हाताऱ्या छोट्या कुत्र्याला सीनिअर फूड कधी?

पॉमेरेनियन ८ वर्षांचा झाला की दुकानदार सीनिअर फूड पुढे करतो. घाई करू नका. लहान जातींची कुत्री साधारण १०-१२ वर्षांनी म्हातारी होतात. शिवाय ‘सीनिअर’ खाद्यात काय असावं, याचा वेगळा निकष पशुखाद्याचे निकष ठरवणाऱ्या अमेरिकेच्या ‘आफ्को’ या संस्थेनेही ठरवलेला नाही. म्हणून दर कंपनीचं पाकीट वेगळं.

वयापेक्षा अंग बघा. बरगड्यांवरून हात फिरवा: हलक्या हाताने लागल्या, वजन स्थिर असलं, तर चालू खाद्यच ठेवा. चरबीखाली दडल्या तर कमी उष्मांकाचं खाद्य द्या. बरगड्या उघड्या पडत असतील, पाणी जास्त पीत असेल, तर खाद्य बदलण्याआधी रक्त-लघवी तपासून घ्या. जळगाव-धुळ्याच्या मे महिन्यात तहान वाढणारच. पण संध्याकाळी गारव्यातही वाटी रिकामी होत असेल तर मूत्रपिंडाची शंका घ्यावी. निरोगी म्हाताऱ्या कुत्र्याचं प्रोटीन उगाच तोडू नका, स्नायू झडतात.

चावताना त्रास होतोय? पशुवैद्याला दात दाखवा, तोवर खाद्य कोमट पाण्यात भिजवा.

बदल ७-१० दिवसांत, थोडं थोडं मिसळून करा. आणि भरीत किंवा शेवभाजीचा रस्सा भाकरीवर घालून कधीच देऊ नका. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तपेशी फोडतो.