शाब्दिक उदाहरणांवरून समीकरण मांडताना या चुका टाळा

दोन समीकरणं तयार हातात दिली, तर दहावीची बहुतेक मुलं ती बिनचूक सोडवतात. घोडं पेंड खातं ते त्याच्या आधी, उदाहरण वाचून समीकरण मांडताना. वाक्य पुरतं समजायच्या आत क्ष लिहायची घाई, हे त्याचं मोठं कारण.

'समजा' अर्धवट लिहू नका. 'समजा, वही = क्ष' यात क्ष म्हणजे वह्यांची संख्या की एका वहीची किंमत? चल नेहमी संख्येसाठी असतो. म्हणून 'समजा, एका वहीची किंमत क्ष रुपये' असं पूर्ण लिहा. इथे ढिलाई झाली की समीकरण उलटं मांडलं जातं. 'विद्यार्थी शिक्षकांच्या ३० पट आहेत' यासाठी हुशार मुलंही ३०क्ष = य लिहितात (क्ष विद्यार्थी, य शिक्षक), कारण डोळ्यांसमोर एका शिक्षकापुढे बसलेले ३० विद्यार्थी असतात. शिक्षक १० धरून पाहा. विद्यार्थी ३०० यायला हवेत, म्हणजे क्ष = ३०य.

'जास्त' दिसलं की बेरीज करू नका. 'जास्त म्हणजे अधिक, कमी म्हणजे वजा' असा तक्ता मुलांकडून पाठ करून घेतात. तो तक्ता फार नुकसान करतो. 'आजोबांनी ८४० रुपये खर्च केले. हा खर्च आजीच्या खर्चापेक्षा १२० रुपयांनी जास्त आहे.' तक्त्यावर विसंबणारा ८४० + १२० करतो. आधी विचारा, जास्त कोणाचा? आजोबांचा. मग क्ष + १२० = ८४०, आणि आजीचा खर्च ७२० रुपये.

वयाच्या उदाहरणात कंस विसरू नका. सगळ्यात जास्त गुण इथेच जातात, म्हणून जरा थांबून पाहू. '६ वर्षांपूर्वी आईचं वय मुलीच्या वयाच्या ५ पट होतं. १२ वर्षांनंतर ते मुलीच्या वयाच्या दुप्पट होईल.' आईचं आजचं वय क्ष वर्षे, मुलीचं य वर्षे.

पहिली अट अनेक जण क्ष − ६ = ५य − ६ अशी लिहितात. दुसरी अट, क्ष + १२ = २(य + १२), बरोबर लिहिली तरी उत्तर येतं आई २०, मुलगी ४. आकडे पूर्णांकात आले म्हणून मूल खूश होतं. पण आज ४ वर्षांची मुलगी ६ वर्षांपूर्वी जन्मलेलीच नव्हती! पाचपट करायची आहे ती मुलीच्या तेव्हाच्या वयाची, म्हणजे क्ष − ६ = ५(य − ६). आता आई ३६, मुलगी १२. पडताळा: ६ वर्षांपूर्वी ३० आणि ६, १२ वर्षांनंतर ४८ आणि २४.

पडताळा मूळ उदाहरणातल्या वाक्यांत घ्या, स्वतः मांडलेल्या समीकरणात नको. चुकीच्या समीकरणात चुकीचं उत्तर बरोबरच बसतं.

एककं एकसारखी करून घ्या. ताशी ५० किमीऐवजी ताशी ४० किमी वेगाने गेल्यास १५ मिनिटं जास्त लागतात, तर अंतर किती? क्ष/४० − क्ष/५० = १५ लिहिलं, तर अंतर निघतं ३००० किमी. वेग तासात आहे, म्हणून उजवीकडे १/४ तास हवा. अंतर ५० किमी.

अंक आणि संख्या यांत गल्लत नको. दशकस्थानी क्ष आणि एककस्थानी य असेल, तर संख्या १०क्ष + य. दोन अक्षरं नुसती शेजारी लिहिली, तर बीजगणितात तो गुणाकार होतो. 'अंकांची बेरीज ९; अंकांची अदलाबदल केल्यास संख्या २७ ने वाढते' यात तसं केलं, तर ० = २७ हाती लागतं. नीट मांडलं तर १०य + क्ष = १०क्ष + य + २७, म्हणजे य − क्ष = ३. त्यावरून क्ष = ३, य = ६. पण विचारली आहे संख्या, तेव्हा उत्तरात ३६ लिहा.