वॉर्डमधल्या वादानंतर नोकरीवरून काढलं, तर काय करावं?

वॉर्डमध्ये वाद होतात. एका नर्सला झेपणार नाहीत एवढे पेशंट असतात, हँडओव्हर (शिफ्ट बदलताना पेशंटची माहिती सोपवणं) अर्धवट मिळतो, डॉक्टरांनी फोनवरून दिलेली ऑर्डर नंतर कोणी मान्य करत नाही, आणि मग नर्सिंग स्टेशनवर आवाज चढतात. बहुतेक वेळा चार दिवसांत सगळं निवळतं. काही वेळा मात्र आठवड्याभरात हातात पत्र पडतं की तुमची सेवा समाप्त करण्यात येत आहे.

पत्र मिळालेला माणूस सगळी ताकद एकाच गोष्टीवर लावतो: भांडणात चूक माझी नव्हती, हे पटवून देण्यावर. ते साहजिक आहे, पण लढाई तिथे नसते. भांडणात कोण बरोबर होतं हे एक प्रकरण, आणि तुम्हाला काढणं योग्य होतं का हे दुसरं. जिथे दाद मागाल तिथे प्रामुख्याने दुसऱ्याची तपासणी होते. काढण्याइतकं कारण होतं का? काढण्याआधी तुमचं म्हणणं ऐकून घेतलं का? भांडणात तुमचाही आवाज चढला असेल, एखादा शब्द जास्त गेला असेल, तरीही काढणं अन्यायाचं ठरू शकतं. त्यामुळे आपली चूक लपवायची धडपड करू नका. ती नंतर उघडी पडली की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

पहिल्याच दिवशी: राजीनामा लिहून देऊ नका

‘काढलं म्हणून शिक्का बसण्यापेक्षा तुम्हीच राजीनामा द्या, अनुभवाचं प्रमाणपत्र चांगलं देऊ,’ असं ऑफिसात बोलावून सांगितलं जातं. त्या क्षणी ते भल्याचं वाटतं. पण स्वतःच्या हाताने राजीनामा लिहिला की ‘मला काढलं’ हे सिद्ध करणं फार अवघड होतं. ‘मला विचार करायला वेळ द्या’ एवढंच म्हणा आणि बाहेर पडा. दबाव आणून राजीनामा आधीच घेतला असेल, तर तो कोणत्या परिस्थितीत दिला हे त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ईमेलने लिहून कळवा. महिन्यानंतर केलेली तीच तक्रार लंगडी पडते.

पत्रावर पोच म्हणून सही मागितली तर ‘पत्र मिळालं, मजकूर मान्य नाही’ असं लिहून तारीख घालून सही करा. तोंडी काढलं असेल तर लेखी कारण मागा. आणि ड्यूटी चालू असताना ‘आत्ताच निघा’ असं सांगितलं, तर आपले पेशंट कोणाच्या ताब्यात दिले हे हँडओव्हर रजिस्टरमध्ये नोंदवल्याशिवाय वॉर्ड सोडू नका. रागाने तसंच निघून गेलात, तर पेशंटला वाऱ्यावर सोडल्याचा आरोप होऊ शकतो, आणि तो मूळ भांडणापेक्षा कितीतरी जड असतो.

त्याच रात्री: घडलं ते लिहून काढा

तारीख, शिफ्ट, वॉर्डमध्ये किती पेशंट आणि किती नर्स होत्या, कोण काय बोललं, कोण ऐकत होतं, कोणाला कधी कळवलं. शब्द आठवत असतील तर जसेच्या तसे लिहा, नसतील तर ‘साधारण असं म्हणाले’ असं लिहा. ‘त्या नेहमीच मला त्रास देतात’ या वाक्याचा उपयोग नाही. ‘तीन आठवड्यांत चार वेळा माझा रोस्टर आदल्या रात्री बदलला’ या वाक्याचा आहे.

मग एका कागदावर तारखांची ओळ मांडा: नोकरी कधी लागली, शेवटचं मूल्यमापन काय होतं, याआधी मेमो मिळाला होता का, तुम्ही तक्रार कधी केली, काढलं कधी. कित्येक प्रकरणांत सगळी गोष्ट या एका ओळीत दिसते. अनेक वर्षं कामाबद्दल एकही तक्रार नाही, मग तुम्ही अपुऱ्या स्टाफबद्दल किंवा वरिष्ठांच्या वागण्याबद्दल लेखी तक्रार देता, आणि दोन आठवड्यांत अचानक तुम्ही ‘कामात हलगर्जी’ ठरता. हा क्रम ऐकणाऱ्यालाही बोलका वाटतो.

भांडण दोघांचं होतं आणि शिक्षा एकालाच झाली का, हेही नोंदवा. तशाच चुकीसाठी आधी दुसऱ्या कोणाला नुसती ताकीद देऊन सोडलं असेल, तर तेही लिहा.

पुरावे गोळा करताना पेशंटची माहिती सोडून द्या

नर्सिंगमधल्या प्रकरणात माणसं सगळ्यात जास्त इथेच घसरतात. आपली बाजू खरी आहे हे दाखवायला केसपेपरचे, औषधांच्या चार्टचे फोटो मोबाइलवर काढतात किंवा सहकाऱ्याकडून मागवतात. असं करू नका. पेशंटची गोपनीयता मोडली की मालकाला काढण्याचं खरं कारण मिळतं, तेही तुम्हीच दिलेलं. जुन्या नर्सिंग नोट्समध्ये नंतर एक शब्दही घालू नका.

त्याऐवजी कागदांची नावं लिहून ते जपून ठेवण्याची लेखी मागणी करा: अमुक तारखेचा ड्यूटी रोस्टर, हँडओव्हर रजिस्टर, इन्सिडेंट रिपोर्ट (चूक किंवा अनुचित घटना घडल्यावर करायची लेखी नोंद), अमुक वेळेचं कॉरिडॉरचं सीसीटीव्ही चित्रण. सीसीटीव्हीचं पत्र पहिल्या एकदोन दिवसांतच द्या, कारण जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं. स्वतःचं नियुक्तीपत्र, पगाराच्या पावत्या, मेमो, कौतुकाचे ईमेल मात्र लगेच घरच्या ईमेलवर किंवा कागदावर आणून ठेवा.

साक्षीदारांचं अवघड असतं. तुमच्या बाजूने बोलणाऱ्या सहकाऱ्याला त्याच वॉर्डमध्ये, त्याच इन्चार्जखाली रोज काम करायचं असतं. त्यांच्या मागे लागू नका. कोण ड्यूटीवर होतं हे रोस्टर सांगतोच, पुढे चौकशीत त्यांना रीतसर बोलावता येतं.

मुदत आधी बघा, वकील नंतर

तक्रार करायची मुदत अनेक देशांत फारच थोडी असते. ऑस्ट्रेलियात काढल्यापासून २१ दिवस, जर्मनीत लेखी पत्र मिळाल्यापासून ३ आठवडे, दक्षिण आफ्रिकेत ३० दिवस, न्यूझीलंडमध्ये साधारण ९० दिवस. हॉस्पिटलच्या अंतर्गत अपिलाचा निकाल येऊ दे, मग बघू, असं म्हणत बसलात तर बाहेरची मुदत हातातून जाऊ शकते. म्हणून आपल्या ठिकाणची मुदत पहिल्या आठवड्यात नर्सेसच्या संघटनेकडून, कामगार कार्यालयातून किंवा कामगार कायद्याच्या वकिलाकडून विचारून घ्या आणि ती तारीख ठळक लिहून ठेवा. प्रोबेशनवर किंवा कंत्राटावर असाल तर संरक्षण कमी असू शकतं, पण ‘आपल्याला काहीच हक्क नाही’ असं आधीच गृहीत धरू नका.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९८२ च्या १५८ व्या करारात काढणं योग्य कधी ठरतं याचा गाभा आहे: काढायला वाजवी कारण हवं, वागणुकीच्या किंवा कामाच्या कारणावरून काढण्याआधी बचावाची संधी हवी, निःपक्षपाती यंत्रणेकडे अपील करता यायला हवं, आणि मालकाविरुद्ध कायदाभंगाची तक्रार केली हे काढण्याचं वैध कारण होत नाही. हा करार सगळ्या देशांनी स्वीकारलेला नाही, पण प्रश्न कोणते विचारायचे हे त्यातून कळतं. छळाची तक्रार केल्यामुळे सूड घेतला गेला असेल, तर २०१९ चा १९० वा करार तक्रारदाराला आणि साक्षीदारालाही संरक्षण द्यायला सांगतो.

अपिलाचं पत्र

दोन पानांच्या आत ठेवा. चिडून लिहिलेला पहिला मसुदा एक रात्र बाजूला ठेवा. सुरुवात अशी करता येईल:

‘दिनांक अमुकच्या पत्राने माझी सेवा समाप्त केली आहे. हा निर्णय मला मान्य नाही. घटनेबाबत मला आरोपपत्र दिलेलं नाही, माझं म्हणणं घेतलेलं नाही. त्या वेळी मी आवाज चढवून बोलले, त्याबद्दल मला खेद आहे. मात्र त्याआधी मला एकही लेखी ताकीद नव्हती. निर्णयाचा फेरविचार करावा आणि चौकशीची कागदपत्रं मला द्यावीत.’

वरिष्ठांचा स्वभाव, त्यांचे हेतू, कोण कोणाच्या मर्जीतलं, हे सगळं गाळा. सुनावणीला बोलावलं तर संघटनेचा प्रतिनिधी किंवा सहकारी सोबत आणण्याची परवानगी आधी लेखी मागा.

नोंदणी वेगळी, नोकरी वेगळी

नोकरी गेली म्हणून नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आपोआप जात नाही. तसा धाक कोणी घातला तर घाबरू नका. पण मालकाने कौन्सिलकडे तक्रार केली आणि तिथून पत्र आलं, तर त्याच्याकडे दुर्लक्ष अजिबात करू नका. ती चौकशी स्वतंत्र असते, तिच्या तारखा वेगळ्या असतात, आणि एका नोकरीपेक्षा तिच्यात गमावण्यासारखं जास्त असतं. भांडणानंतर अचानक औषधाच्या चुकीचा आरोप पुढे आला असेल, तर ती चूक घडली त्या वेळी इन्सिडेंट रिपोर्ट झाला होता का, हा पहिला प्रश्न विचारा.

नव्या ठिकाणी काय सांगायचं

खोटं सांगू नका. ‘एका वादानंतर त्यांनी माझी सेवा संपवली, मी त्याविरुद्ध अपील केलं आहे’ एवढं शांतपणे सांगा आणि आपल्या कामाकडे वळा. जुन्या इन्चार्जऐवजी तुमचं काम जवळून पाहिलेल्या दुसऱ्या वरिष्ठांचं नाव संदर्भासाठी द्या, अर्थात त्यांना विचारून.

तडजोड करायची वेळ आली तर

परत त्याच वॉर्डमध्ये जायची इच्छा पुष्कळांना उरत नाही, आणि त्यात कमीपणा नाही. तेव्हा फक्त पैशांवर बोलू नका. नोटीस काळाचा पगार, शिल्लक रजा, सेवासमाप्तीचं पत्र मागे घेणं, अनुभवाच्या प्रमाणपत्रातला नेमका मजकूर, संदर्भासाठी फोन आला तर कोण काय सांगेल, हे सगळं करारात लिहून घ्या. रक्कम खात्यात जमा होऊन प्रमाणपत्र सही-शिक्क्यासह हातात येईपर्यंत आपली तक्रार मागे घेऊ नका.